कानामागचा रंग

माझे वडील सत्तावीस वर्षं दर पाच जानेवारीला संध्याकाळी काळे होत आणि सहा तारखेला सकाळी पुन्हा गोरे. पुरते गोरे नाहीत. कानामागे, जिथे माणसाचा हात आणि लक्ष दोन्ही पोहोचत नाही, तिथे थोडा रंग राही, तो थेट फेब्रुवारीपर्यंत. बाबा आमच्या गावचे पोस्टमन होते. सात तारखेला झोळी खांद्याला लावून ते टपाल वाटायला निघाले की अख्ख्या पेन्यासेकाला तो डाग दिसे, आणि अख्खं पेन्यासेका तो न दिसल्यासारखं करी. एरवी आमचं गाव दुसऱ्याच्या भानगडींबद्दल मौन पाळण्यासाठी प्रसिद्ध नाही. पण या डागाबद्दल पाळायचं, कारण जवळपास एखादं पोर हमखास उभं असे, आणि परवा आपल्या बुटांशेजारी खेळणी ठेवून गेलेला बाल्तासार राजा केव्हाच आपल्या दूरदेशी परत गेला, याबद्दल त्या पोराची खात्री असे.

राजे तीन, बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले; स्पेनमध्ये पाच जानेवारीला संध्याकाळी ते मिरवणुकीनं येतात आणि रात्री मुलांसाठी खेळणी ठेवून जातात. मेल्चोर पांढऱ्या दाढीचा, गास्पार तांबड्या दाढीचा आणि बाल्तासार काळा. गावात काळा माणूस नव्हता, म्हणून बाबांना काळं करायचे. हे इतकं सरळ होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. पुढे गावात काळी माणसं आली, ऑलिव्हच्या मळ्यांत, बांधकामांवर, शनिवारच्या बाजारात. तरीही बाबांना काळं करणं चालूच राहिलं. हे मात्र तितकंसं सरळ नव्हतं, पण सवय लागली की वाकडंही सरळ दिसतं.

बाबा राजा म्हणून उत्तम होते. ते मुलांना नावानं हाक मारीत, आणि नुसत्या नावानं नाही, पत्त्यासकट. "माकारेना! विहिरीची गल्ली, चौदा नंबर, दुसरा मजला!" असा पुकारा आला की माकारेनाचं तोंड उघडं राही आणि वर्षभर ती ताटातली पालेभाजी संपवी. शेजारच्या गावांचे बाल्तासार मुलांना "ए छोकऱ्या" म्हणत. आम्ही त्यांची कीव करीत असू.

तीन वर्षांपूर्वी मिरवणूक चर्चच्या चौकात पोहोचली आणि मुलं राजांच्या मांडीवर बसायला रांगेत लागली, तेव्हा बाबांच्या मांडीवर गॅसवाल्याची मुलगी आली. आवा तिचं नाव. तेव्हा चार वर्षांची. तिनं चिठ्ठी दिली नाही, काही मागितलं नाही. बाबांच्या गालावरून एक बोट ओढलं आणि बोटाकडे पाहिलं. मग तेच बोट स्वतःच्या गालावरून ओढलं आणि पुन्हा पाहिलं.

"तुझा निघतो," ती म्हणाली. "माझा नाही निघत."

तेवढंच. उतरून आईकडे गेली. घरी आल्यावर बाबा झगाही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. आई गेल्यापासून उशीच्या काळ्या अभ्र्यावरून ओरडण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते सोडून पाणी तापत ठेवलं.

"सत्तावीस वर्षं, कासिल्दा," बाबा म्हणाले, "आणि आज पहिल्यांदा कोणी पेपर तपासला."

पुढच्या वर्षी त्यांनी मुकुट राजे मंडळाला परत केला. झगा मात्र घरीच ठेवला, कारण तो आईनं शिवला होता. दोन वर्षं बँकेतल्या कुणा कारकुनानं रंग फासून काम भागवलं. तोही "ए छोकऱ्या"वाला. आणि बाबांना आजारानं गाठलं. हॉस्पिटलात एका दुपारी ते म्हणाले, "बाल्तासारासाठी गॅसवाल्याला विचार. पोस्टमन दारापर्यंत जातो. गॅसवाला स्वयंपाकघरापर्यंत. त्याला सगळ्यांची नावं ठाऊक असतील."

मी हो म्हटलं. जाणाऱ्या माणसाला हो म्हणताना त्यापायी किती अर्ज भरावे लागतील याची चौकशी कोणी करत नाही.

मार्चमध्ये त्यांचं अंग पुसताना मी सवयीनं कानामागे पाहिलं. स्वच्छ होतं.

*

असान च्याम आमच्या गावात अकरा वर्षं गॅसचे सिलिंडर पोहोचवतो. लिफ्ट नसलेल्या घरांत चौथ्या मजल्यापर्यंत खांद्यावरून. ऑक्टोबरात तो माझ्याकडे सिलिंडर बदलायला आला तेव्हा मी त्याला बसवलं, कॉफी दिली आणि विषय काढला. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला.

"मी मुसलमान आहे, सेन्योरा कासिल्दा."

"माहीत आहे."

"यात प्रार्थना वगैरे?"

"नाही. खाऊच्या गोळ्या फेकायच्या आणि हात हलवायचा."

"ते जमेल." त्यानं कप खाली ठेवला. "पण मी नाही करणार. गावातल्या सगळ्या मुलांना बाल्तासार मिळेल आणि एकट्या माझ्या मुलीचा जाईल. आवा मला ओळखेल हो. सात वर्षांची आहे ती, आंधळी नाही."

खरं होतं ते, म्हणून मी त्याला आणखी एक खरी गोष्ट सांगितली, जी मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

"मीही ओळखलं होतं. आठव्या वर्षी. बाल्तासार माझी चिठ्ठी उघडत होता, आणि उघडण्याआधी त्यानं अंगठा जिभेला लावला. असा. टपाल मोजताना बाबा लावायचे तसा."

"मग?"

"मग काही नाही. कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही. मला कळलेलं नाही असं ते समजत राहिले."

"किती वर्षं?"

"मी तेवीस वर्षांची होईपर्यंत. त्यानंतर दोघांनाही जड जायला लागलं."

असान हसला. रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन तो दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "तिनं त्या वर्षी घरी येऊन गाल साबणानं घासला होता. तुमच्या बाबांना सांगितलं नाही मी. वाईट वाटलं असतं त्यांना." आणि दोन पायऱ्या उतरून, "करतो."

आता माझ्यावर दोन माणसांचं ओझं होतं. एक गेलेलं आणि एक सात वर्षांचं.

*

बातमी मी कोणालाही सांगितली नाही, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोहोचली. खालच्या मजल्यावरच्या बेनिताबाई वर आल्या. बेनिताबाई जिना चढताना दम खातात, पण सल्ला देताना नाही.

"पोरी, चांगला माणूस आहे तो. माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. मुलगा नाही करत माझा. पण मी म्हणते, थोडासा रंग लावू दे त्याला."

"कुणाला? असानला?"

"हलकासा गं. नाहीतर तो इतर बाल्तासारांसारखा दिसणार नाही. मुलांना सवय झालीय ना एका प्रकारच्या काळ्याची."

मी वाचनालयात काम करते. तिथे लोक बरंच काही विचारतात आणि मी चेहरा सरळ ठेवते. तो अनुभव कामी आला.

राजे मंडळाची बैठक लेआंद्रोंच्या औषधाच्या दुकानामागे होते. सेन्योर लेआंद्रो अध्यक्ष, आणि बावीस वर्षांपासूनचे मेल्चोर. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की त्यांचा व्यक्तिशः काहीच विरोध नाही, असान त्यांचं गिऱ्हाईकही आहे, पण मुलांचा गोंधळ होईल. "मुलं त्याला रोज बघतात. ओळखतील."

"माझ्या वडिलांना रोज बघत होती."

"ते वेगळं. ते रंगवलेले असायचे."

"म्हणजे काळ्या माणसाचं काम करायला माणूस काळा नसावा, असं म्हणता?"

"शब्द पिळू नकोस, कासिल्दा. मी परंपरेबद्दल बोलतोय. आणि शिवाय तो मुसलमान."

इथे बेनिताबाई उठल्या. त्या मंडळाच्या सदस्य नाहीत, पण खुर्च्या त्यांच्या घरून येतात. "लेआंद्रो, तू शाळेत माझ्या मागे बसायचास आणि तेव्हाही तुझं लक्ष नसायचं. बाल्तासार त्या दिवशी ख्रिश्चन होता का? अरे, तो बाळ बघायलाच निघाला होता. ख्रिश्चन कुठून होणार?"

लेआंद्रो दुखावले आणि दुखावलेल्या अध्यक्षांचं असतं तसं त्यांचं झालं, ते एकदम तत्त्वनिष्ठ झाले. "ठीक आहे. बाल्तासार खरा हवा? मग सगळंच खरं करा. माझी दाढीही खरी. गास्पारची दाढीही खरी आणि तांबडी. उंटही खरा!" त्यांना वाटलं होतं की लोक हसतील आणि प्रस्ताव बारगळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो मंजूर केला.

डिसेंबरभर पेन्यासेकाला करमणूक झाली. लेआंद्रोंची दाढी उगवली, पण मधल्या काही जागा सोडून. दुकानात येणारा प्रत्येक जण "काही त्वचेचं आहे का?" विचारू लागला. त्यांच्या पत्नीनं जेवायला वेगळं टेबल घेतलं. गास्पार म्हणजे आमचा बेकरीवाला. त्याची दाढी भरघोस आली, पण काळी कुळकुळीत. ती तांबडी करण्यासाठी त्याच्या बहिणीनं मेंदी लावली तेव्हा ती केशरी झाली, थेट असानच्या सिलिंडरांसारखी.

मग अर्ज. नगरपालिकेच्या खिडकीत एउसेबिओ बसतो. विम्यासाठी बाल्तासाराचा वेगळा अर्ज असतो, कारण एका वर्षी कुणाच्या तरी चेहऱ्याला रंगानं पुरळ आलं होतं. एउसेबिओ वाईट माणूस नाही. फक्त त्याच्या आयुष्यात रिकामा रकाना नावाची गोष्ट संभवत नाही.

"चेहऱ्यावर लावायचा रंग?"

"लावणार नाही," मी म्हटलं.

"बाल्तासार ना?"

"हो."

"मग रंग लागतोच. रकाना आहे." त्यानं मान वर केली. माझ्या शेजारी असान उभा होता. एउसेबिओनं त्याच्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्याची अडचण मला दिसत होती. अर्ज खोटा नव्हता आणि माणूसही खोटा नव्हता. "'लागू नाही' लिहिता येत नाही हो यात. पुढे जातच नाही तो."

"लिहा," असान म्हणाला. "रंग: काळा."

"उत्पादक?"

"आई-वडील. सेन लुई, सेनेगाल."

एउसेबिओनं लिहिलं. "वापरण्याची अंतिम तारीख?"

"माझीच."

"पाण्यानं निघतो का?"

"मुलीनं करून पाहिलंय," असान म्हणाला. "नाही निघत."

शिक्का बसला. आमच्या नगरपालिकेत इतकं खरं काही त्याआधी कधी नोंदवलं गेलं असेल असं वाटत नाही.

*

उंट समुद्रकिनाऱ्यावरून आला. उंट नव्हे, उंटीण. नाव पाकीता. ती तिथे जर्मन पर्यटकांना फिरवायची आणि हिवाळ्यात रिकामीच असायची. उंटीण एकच मिळाली, आणि ती बाल्तासाराला द्यायची यावर मंडळात पहिल्यांदाच एकमत झालं. कारण एकच, "त्याला सवय असेल."

"माझे वडील कोळी," असान म्हणाला. "आजोबा कोळी. मला होडी द्या, काहीही करून दाखवतो. उंट मी पहिल्यांदा पाहिला तो माद्रिदच्या प्राणिसंग्रहालयात, आणि जाळी मध्ये होती."

"रक्तात असतं ते," लेआंद्रो म्हणाले.

असानचा चेहरा पाहून मीच बोलून बसले की लगाम मी धरीन. लगाम धरणाऱ्याला सेवकाचा पोशाख लागतो. म्हणजे जांभळी फुग्याची विजार, फेटा आणि टोकं वळलेले जोडे. मी छत्तीस वर्षांची आहे. वाचनालयात मी लोकांना शांत राहायला सांगते आणि ते राहतात. तो अधिकार मी पाच जानेवारीला संध्याकाळी सहा वाजता कायमचा गमावला. पहिल्याच वळणावर दहावीतला एक मुलगा ओरडला, "बाई, पुस्तक उद्या परत करतो!"

पण असान! आईनं शिवलेला तो हिरवा झगा त्याच्या खांद्यांवर असा बसला की जणू तो शिवताना तिनं माप त्याचंच घेतलं होतं. तो वरून मला पुटपुटत म्हणत होता, "ती हलतेय का? हलू नको म्हणावं तिला." आणि त्याच श्वासात गर्दीला खणखणीत, "इग्नासिओ! ओढ्याची आळी, सहा नंबर, खिडकीत तुळस!" इग्नासिओचं तोंड उघडं राहिलं. बाबांच्या पुकाऱ्यात तुळस नसायची. पोस्टमनला ती दिसत नाही.

विहिरीच्या गल्लीच्या चढावर पाकीता खाली बसली.

राग नाही, आवाज नाही. बसली. वाद्यवृंद आणि दोन्ही राजे वळणाआड गेले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि सल्ले सुरू झाले. साखर द्या. शेपूट पिळा. कानात फुंका. बेनिताबाईंनी आपली काठीच देऊ केली. वरच्या मजल्यावरून एक आजोबा ओरडले, "अरे असान, तिच्याशी तिच्या भाषेत बोल की!"

"जर्मन येत नाही मला," असान म्हणाला.

चौकात चाळीस मुलं थांबली होती. त्यांत एक आवा. घड्याळ पुढे सरकत होतं, आणि मी लगाम ओढत होते, आणि माझा फेटा सुटला होता. त्या क्षणी मला बाबांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला हे सांगितलं आणि स्वतः निघून गेले. आता निदान शेपूट पिळायला तरी इथे असायला हवं होतं.

"सेन्योरा कासिल्दा," असान हळूच म्हणाला, "माझी गाडी कोपऱ्यावरच उभी आहे."

"गॅसची?"

"या चढावर तीच चढते."

दोघांनाही कळलं होतं की तो काय म्हणतोय. झग्यातला असान कदाचित तिच्या नजरेतून सुटला असता. त्या गाडीतला सुटणार नव्हता.

"नको असेल तर," मी म्हटलं.

"चाळीस मुलं आहेत," असान म्हणाला, आणि उतरला. उतरला म्हणजे घसरला.

गल्लीतल्या लोकांनी सिलिंडर उतरवून भिंतीशी रचले आणि त्यांच्या जागी भेटींची खोकी चढवली. असान मागे लोखंडी दांडीला धरून उभा राहिला. गाडी मी चालवली. टोकं वळलेल्या जोड्यांनी क्लच दाबणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. चौकाच्या तोंडाशी गर्दी बाजूला होईना, म्हणून मी हॉर्न दाबला. गॅसच्या गाडीचा हॉर्न पेन्यासेकातला प्रत्येक माणूस झोपेतही ओळखतो. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी ताडकन उघडली.

"इकडे दोन!" एक बाई ओरडली.

"उद्या सकाळी, सेन्योरा मातील्दे!" मुकुट घातलेला बाल्तासार सवयीनं म्हणाला.

चाळीस मुलांनी गाडीकडे पाहिलं, मग राजाकडे, मग पुन्हा गाडीकडे. लेआंद्रोंनी आपल्या मोकळ्या मोकळ्या दाढीवर हात ठेवला. मी इंजिन बंद केलं आणि उतरायचं धाडस न होऊन तशीच बसून राहिले.

गर्दीतून आवा पुढे आली. वाट तिला आपोआप मिळाली. ती गाडीच्या मागच्या फळीवर चढली, हे तिला चांगलंच सरावाचं होतं. असान गुडघ्यावर बसला. मला आरशातून त्याची हिरवी पाठ दिसत होती आणि ती श्वास घेत नव्हती.

आवानं एक बोट त्याच्या गालावरून ओढलं. सावकाश, कानापासून हनुवटीपर्यंत. बोट दिव्याकडे धरून पाहिलं. उलटंपालटं करून पाहिलं. मग चौकाकडे वळून ते उंच धरलं.

"निघत नाही!" ती ओरडली. "बघा! हा खरा आहे!"

"तो तुझा बाबा आहे," पुढच्या रांगेतून इग्नासिओ म्हणाला, पण खात्रीनं नाही.

"मग?" आवा म्हणाली. "तो वर्षभर आमच्याकडे राहतो. गॅस देतो म्हणजे त्याला सगळ्यांची घरं कळतात. नाहीतर तुमची घरं कशी सापडतील त्याला?"

इग्नासिओ विचारात पडला. "म्हणून त्याला आमची तुळस माहीत होती!"

मग चौकात जो आवाज झाला त्याचं वर्णन मी करत नाही. बेनिताबाई रडत होत्या आणि गुडघ्याला दोष देत होत्या. लेआंद्रो माझ्या खिडकीशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मी दाढी चिकटवणार. एवढं मंडळानं मान्य केलं पाहिजे." मी मान्य केलं.

पाकीता म्हणे आम्ही गेल्यावर दोन मिनिटांत आपणहून उठली.

*

सात तारखेला असान सिलिंडर घेऊन आला. गाडीच्या दारात मुलांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या, पुढच्या वर्षासाठी, काही फारच आगाऊ मागण्यांच्या. झगा त्यानं घडी करून आणला होता. मी तो त्याच्याकडेच ठेवायला सांगितलं. आईनं शिवलाय, धुताना गरम पाणी नको, असंही सांगितलं. तो हो म्हणाला.

"आवा काय म्हणते?"

"काही नाही. काल झोपताना म्हणाली, मी कोणालाही जास्त काही सांगणार नाही, तू काळजी करू नकोस." तो हसला. "तेवीसपर्यंत चालेल, म्हणता?"

त्यानं रिकामा सिलिंडर खांद्यावर घेतला आणि पाठ वळवली. त्याच्या कानामागे मुकुटाची सोनेरी पूड लागलेली होती. बोटभर, चमचमीत. जिन्यात तळमजल्यावरची दोन मुलं उभी होती.

मी काही बोलले नाही. आमच्या गावात तशी रीत आहे.